झाकण उघडू नका

माणूस गेलं की लोक बटाटे का आणतात?

हा प्रश्न लॉनीने आधी त्याच्या बहिणीच्या नवऱ्याला, कर्टला विचारला. कर्ट म्हणाला, "उत्तरेचा रस्ता मोकळा झाला म्हणे." मग त्याने चर्चच्या पास्टरना विचारला. पास्टरनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ तसाच ठेवला, म्हणजे बोलायला नको. शेवटी त्याने फ्रीज उघडला आणि फ्रीजलाच विचारला. आत चीज घातलेल्या, वरून कॉर्नफ्लेक्स भुरभुरलेल्या बटाट्यांचे ट्रे एकावर एक रचून ठेवले होते. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर मालकिणीचं नाव. फ्रीजही काही बोलला नाही. नुसता घरघरला.

मी तिथेच ओट्यावर होतो. मी स्लो कुकर बोलतोय, विजेवर दिवसभर मंद शिजवणारं भांडं. मला शिट्टी येत नाही, मला वाफ सोडून तमाशा करता येत नाही. सकाळी भरा, संध्याकाळी उघडा, मधे माझ्या वाटेला जाऊ नका, एवढंच माझं शास्त्र. पण माणसांना ते जमत नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या एका कारखान्यातला. पोटात जाड चिनीमातीचं भांडं, डोक्यावर काचेचं झाकण, बाहेरून नारिंगी पत्रा आणि त्यावर तपकिरी फुलं. तशी फुलं जगातल्या कुठल्याही झाडाला येत नाहीत, पण त्या काळात नेब्रास्कातल्या सगळ्या स्वयंपाकघरांना आली होती.

लॉनीच्या बहिणीला, रेनेला, लग्नात तीन स्लो कुकर भेट मिळाले. नवराबायकोला भांडायला दिवसभर वेळ मिळावा म्हणून लोक देत असावेत. एक दुकानात परत गेला, दुसरा पुढच्याच महिन्यात कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून गेला. माझा खोका फाटला होता, म्हणून मी राहिलो. माझ्याही बुडाला चिकटपट्टी लागली. त्यावर तिने नाव लिहिलं: रेने. आमच्या डॉसन ग्रोव्ह गावात माणसाच्या थडग्यावर नाव नंतर येतं, भांड्याच्या बुडाला आधी.

पुढे आई गेली तेव्हा रेनेने तिच्या धाकट्या भावाला घरी आणलं. लॉनी तेव्हा एवढासा होता आणि त्याला सतत भूक लागलेली असायची. शाळा त्याने अर्ध्यावर सोडली, टायरच्या दुकानात लागला, पण शाळा सोडली तशी माझ्यापाशी घुटमळायची सवय काही सोडली नाही. येता-जाता झाकण उचलायचा.

"ए गाढवा, ठेव ते!" रेने लाकडी डावाने त्याच्या बोटांवर मारायची. "एकदा उघडलंस की अर्धा तास वाया. त्याला त्याचं काम करू दे."

"नुसतं बघतोय गं."

"बघून शिजत असतं तर मी वीजबिल कशाला भरलं असतं?"

तिचं बीफ-भाज्यांचं सूप गावात माहीत होतं. ती मांस आदल्या दिवशीच बर्फातून काढून ठेवायची. सकाळी तुकड्यांना मीठ-पीठ चोळून लोखंडी तव्यात चांगले लालसर परतायची. माझ्या तळाशी बटाटे आणि गाजर, कारण ते शिजायला आढेवेढे घेतात. वर कांदा, सेलरीच्या काड्या, मग मांस, डब्यातले टोमॅटो, तमालपत्र, पाणी. वाटाणे अगदी शेवटी, संध्याकाळी.

आणि मग एक गोष्ट व्हायची. रेनेला कॉफीचा कप कधी संपवता आला नाही. अर्धा कप होतो न होतो तोच शाळेची बस हॉर्न मारायची, लेकीचा, म्हणजे जोडीचा, एक बूट सापडायचा नाही, लॉनी शर्टाचं बटण घेऊन उभा राहायचा. रेने दाराकडे धावता धावता उरलेली काळी कॉफी माझ्यात ओतायची, झाकण ठेवायची आणि जायची. कुणाचं लक्ष नसायचं. तिचंही नसावं. विचारलं असतं कुणी तर तिनेही पाककृतीत कॉफी सांगितली नसती.

मधे दोन वर्षं मी तळघरात काढली. कर्टच्या बहिणीने बटणांचा नवा कुकर पाठवला होता. तो वेळ दाखवायचा, आवाज करायचा, काम झालं की सगळ्या घराला सांगायचा. मी नाताळच्या दिव्यांशेजारी धूळ खात पडलो. एका थँक्सगिव्हिंगच्या सणाला तो आवाज करता करता मेला, आणि मला पुन्हा वर आणलं. मी टोमणा मारला नाही. आमच्या गावात कुणी तसं बोलत नाही.

मग रेने आजारी पडली.

तो हिवाळा मला नको आठवायला. डॉक्टर लिंकन शहरात, घर इथे, मधला रस्ता बर्फाचा. गावाने मदत केली, नाही म्हणत नाही. रोज एक ट्रे यायचा. आणणारी बाई दारातूनच विचारायची, "कशी आहे?" कर्ट म्हणायचा, "आहे बरी." बाई म्हणायची, "वारा काय सुटलाय!" कर्ट म्हणायचा, "हो ना, सुटलाय खरा." झालं. बटाटे आत, बाई बाहेर. रेनेच्या घशाखाली पाण्याचा घोट उतरत नव्हता आणि फ्रीजमध्ये बटाट्यांना जागा उरली नव्हती. लॉनी तिच्या खाटेजवळ बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. ती म्हणायची, "बस रे एका जागी." त्याला जमायचं नाही.

मार्चमध्ये ती गेली.

दफनाच्या आदल्या दिवशी चर्चच्या भोजन समितीच्या प्रमुख व्हर्नाबाई क्लाइन घरी आल्या. हातात अर्थातच बटाटे. समितीने आजवर गावातली इतकी माणसं पोहोचवली होती की बेत ठरवायला त्यांना मेलेल्या माणसाचं नाव विचारावं लागत नसे.

"हॅम सँडविच, बटाटे, लोणचं, जेली सॅलड आणि केक," व्हर्नाबाई म्हणाल्या. जेली सॅलड म्हणजे हिरव्या गोड जेलीत किसलेलं गाजर. आमच्याकडे ती भाजी समजतात.

"सूपपण ठेवा," लॉनी म्हणाला. "रेनेचं. मी करतो."

"लॉनी बाळा, घरच्यांनी बसायचं असतं. वाढायचं आम्ही."

"मला बसता येत नाही."

"आणि मयताच्या जेवणाला सूप चालत नाही."

"का चालत नाही?"

"सांडतं. सगळ्यांचे चांगले कपडे असतात." त्या जरा थांबल्या. "शिवाय वाडगे नाहीत. कप आहेत, तेही मोजके, कॉफीपुरते."

"ती पंधरा वर्षं तुमच्या त्या समितीत भांडी घासत होती. तिचं एक सूप नाही चालत?"

व्हर्नाबाई खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, "उद्या पाऊस नको पडायला." आणि कोट चढवून गेल्या.

लॉनीने दार आपटलं. माझं झाकणसुद्धा हललं. "मी करणार," तो मला म्हणाला. घरात दुसरं कुणी ऐकत नव्हतं. "एकदा तरी तिचं जेवण त्या टेबलावर असणार. कर्ट जेवेल, जोडी जेवेल. बटाटे नाही खाणार उद्या माझी भाची."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फ्रीझरमधून कागदात गुंडाळलेलं बीफ काढलं. दगड झालेलं. आदल्या दिवशी काढून ठेवायचं त्याला कुठून सुचणार? त्याने टायरच्या दुकानातला हातोडा आणला आणि मागच्या पायरीवर ते मांस फोडलं. शेजारच्यांचा कुत्रा भुंकायचा थांबला आणि नुसता बघत राहिला. ते तुकडे न परतता तसेच माझ्यात पडले. मग बटाटे, मग गाजर, मग वाटाणेसुद्धा, सगळं एकदम, बॉम्ब पडल्यासारखं. बटण त्याने फिरवून सरळ 'जोरात'वर नेलं.

आणि झाकण उचललं.

ठेवलं. खोलीत एक फेरी मारली. उचललं. चमचा घातला, चाखलं. ठेवलं. तोंडावर पाणी मारून आला, पुन्हा उचललं. माझ्यात जेवढी ऊब जमायची तेवढी तो बाहेर काढायचा. मला त्याचा राग आला नाही. महिनाभर तो असाच त्या खाटेभोवती फिरत होता. आता खाट रिकामी होती, म्हणून माझ्याभोवती फिरत होता.

"कर्ट, तिच्या सूपमध्ये काय असायचं?"

कर्ट टेबलापाशी टाय घेऊन बसला होता. त्याचा टाय नेहमी रेने बांधायची. "बीफ," तो म्हणाला.

"आणखी?"

"भाज्या."

"अरे, सोळा वर्षं खाल्लंस ना ते?"

"चांगलं असायचं," कर्ट म्हणाला आणि टायकडे बघत राहिला.

जोडी नवा काळा फ्रॉक घालून आली. लॉनीने चमचा पुढे केला. "बघ, आईसारखं झालंय का?"

तिने चाखलं. "नाही, मामा."

"मीठ?"

"मीठ नाही. काहीतरी नाहीच आहे यात." मग तिने चमचा त्याच्या हातात परत दिला. "आणि बटाटा कच्चा आहे."

लॉनीने मिरी घातली. मग सॉस. मग आणखी काहीतरी, बाटली न वाचताच. मला ठाऊक होतं काय नाही ते. त्याच ओट्यावर, माझ्या कानापाशी, आदल्या दिवशीची कॉफी भांड्यात थंड होऊन पडली होती. ओरडून सांगावं असं वाटत होतं. पण भांड्याला विचारतं कोण?

निघायची वेळ झाली तरी मांस चिवटच होतं. लॉनीने मला टॉवेलात गुंडाळलं, गाडीत मांडीवर घेतलं, आणि चर्चच्या तळघरात बॉयलरच्या खोलीत नेऊन लावलं. "इथे शीज," तो म्हणाला. "आणि ओरडू नकोस." मी जन्मात कधी ओरडलो नव्हतो.

वर प्रार्थना चालली, मला ऑर्गन ऐकू येत होता. मग सगळी माणसं दफनभूमीकडे गेली. माझ्याकडे कुणीच आलं नाही, कुणी झाकण उचललं नाही, आणि तेवढ्या वेळात त्या सकाळी पहिल्यांदा मला धड काम करता आलं. मांस मऊ पडलं. बटाट्याने हट्ट सोडला. खोटं का बोला, सूप झालं होतं. फक्त तिचं झालं नव्हतं.

माणसं परत आली ती वाऱ्याने लाल झालेली नाकं घेऊन. तळघरात लांब टेबलं, प्रत्येकापुढे कप, आणि व्हर्नाबाईंनी कॉफीची पहिली फेरी वाढलेली. स्वयंपाकघरात एका भिंतीला चार स्लो कुकर, चारांत बटाटे, आणि शेजारी विजेवर चालणारं कॉफीचं मोठं पिंप. वर कागद चिकटवलेला: 'या भिंतीवर चारच कुकर.' समितीतल्या प्रत्येक बाईला तो कागद पाठ होता. पुरुषांना तिथे फक्त खुर्च्या उचलायला बोलावत, त्यामुळे त्यांनी तो कधी वाचलाच नव्हता.

लॉनी मला घेऊन आला आणि पिंपाशेजारच्या भोकात माझा प्लग खुपसला.

खट्ट.

दिवे गेले. पिंपाची बुडबुड थांबली. खिडकीतून येईल तेवढाच उजेड राहिला, आणि त्यात व्हर्नाबाईंचा आवाज आला, "कॉफी गेली!"

त्या दिवशी तळघरातल्या कुणी हुंदका दिला असेल तर तो तेव्हा. रेने गेली तेव्हा गाव सावरलं होतं. कॉफी गेली तेव्हा काय करावं कुणालाच कळेना.

"किल्ली?" कुणीतरी विचारलं. विजेच्या पेटीची किल्ली पास्टरच्या खिशात होती आणि पास्टर अजून कबरीपाशी होते.

"लॉनी," व्हर्नाबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांच्याकडे ओरडण्याची तीच पद्धत. "काय केलंस हे?"

"सूप आणलंय."

"मी सांगितलं होतं ना, वाडगे नाहीत."

"कप आहेत ना?"

"त्यात कॉफी आहे!"

"मग पितील ती कॉफीबरोबर!" लॉनीचा चेहरा लालबुंद झाला. त्याने मला काखेत मारलं, दुसऱ्या हातात डाव घेतला आणि तो टेबलाटेबलाने निघाला. ज्याच्यापुढे जो कप, त्यात सूप. कप अर्धा प्यालेला असो, तळाशी घोटभर कॉफी असो, त्याला पर्वा नव्हती.

आणि आता गावाची खरी गंमत. कुणीच नको म्हणालं नाही. आमच्याकडे नको म्हणत नाहीत. "थोडंच," म्हणाले. "अरे, पुरे पुरे," म्हणाले, आणि कप पुढेच धरला. धान्याच्या कोठारावरचे हॅरोल्डकाका कॉफीत तरंगणाऱ्या गाजराकडे बघून म्हणाले, "हे वेगळंच आहे." वाईटाला आमच्याकडे याहून कडक शब्द नाही. पण कप घेतला. वाडगा नाही, चमचा नाही, चांगले कपडे घातलेली सगळी माणसं कपाला तोंड लावून सूप पिऊ लागली.

जोडीपुढे दुधाचा रिकामा पेला होता. लॉनीने तिच्यासाठी कपाटातून कोरा कप काढला, त्यात वाढलं. तिने घोट घेतला आणि मान हलवली. नाही.

लॉनी जागच्या जागी उभा राहिला. डाव हातात, डोळे भरलेले. सगळं गाव कॉफीला मुकवलं, बहिणीचं जेवण बिघडवलं, आणि तिच्या लेकीलाच ते नको.

तेवढ्यात कर्टने आपला कप खाली ठेवला.

मग पुन्हा उचलला. पुन्हा एक घोट. टाय वाकडा, डोळे कपात. "जोडी," तो म्हणाला. "हे बघ जरा."

जोडीने बापाच्या कपातून घोट घेतला आणि तशीच थांबली. "आईचं आहे," ती म्हणाली. "बाबा, हे आईचं आहे!"

"अगं, एकाच भांड्यातलं आहे ते!" लॉनीने माझ्यातून डाव भरून चाखलं. नाही. कर्टचा कप ओढून घेतला, चाखलं. मग खुर्चीवर बसला. महिनाभरात पहिल्यांदा तो बसलेला मी पाहिला.

"कॉफी," व्हर्नाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात हॅरोल्डकाकांचा कप होता. "यात कॉफी आहे."

कर्टने वाकडा टाय ओढून सैल केला. मग त्याने त्याच्या आयुष्यातलं बहुधा सगळ्यात लांब भाषण केलं. "तिने कधी कप संपवला नाही," तो म्हणाला. "मी रोज म्हणायचो, एवढी महाग कॉफी मोरीत ओततेस. ती हसायची. मला वाटायचं, मोरीतच ओतते." आणि तो सगळ्या गावासमोर रडला. वाऱ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. बटाटे तसेच थंड झाले.

पुढच्या आठवड्यात लॉनीने ट्रे परत करायला घेतले. आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, म्हणून त्याने बटाट्यांच्या त्या उथळ ट्रेंमध्ये सूप भरलं. अर्धं गाडीच्या सीटने प्यायलं. व्हर्नाबाईंनी आपला ट्रे दारातच घेतला, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, "किती कॉफी घालायची रे?"

"जेवढी प्यायची राहिली असेल तेवढी."

"असं कसं? चमच्यांत सांग."

"चमच्यांत नाही माहीत," लॉनी म्हणाला. मग त्याने त्यांनाही विचारलं, "व्हर्नाबाई, माणूस गेलं की लोक बटाटे का आणतात?"

व्हर्नाबाईंनी ट्रेकडे पाहिलं. "सांभाळून जा हं," म्हणाल्या. "वळणावर चिखल आहे."

हल्ली मी पुन्हा रोज ओट्यावर असतो. पत्रा एका कोपऱ्यात चेपलाय, लॉनीच्या काखेची खूण. बुडाची चिकटपट्टी तशीच आहे. कर्टने ती बदलली नाही. मला लोकांना एवढंच सांगायचंय की तुमचं कुणी गेलं तर सारखं झाकण उचलून बघू नका. पण ज्याला बघितल्याशिवाय राहवतच नाही, त्याच्या बोटांवर डाव मारायला तरी कुणीतरी जवळ असू द्या.

मे महिन्यात गहू कापणाऱ्या टोळीत लॉनीला काम लागलं. टेक्सासपासून वर कॅनडापर्यंत, पिकामागे पीक. ट्रक सकाळी यायचा होता. जोडी बसची वाट बघत पायरीवर होती, कर्ट गोठ्यात. मांस लॉनीने आदल्या दिवशीच बाहेर काढून ठेवलं होतं. तुकडे तव्यात परतले, हात भाजून घेतला, शिवी दिली. बटाटे तळाशी, गाजर तळाशी. वाटाणे बाजूला वाटीत ठेवले आणि जोडीला हाक मारून सांगितलं, "हे संध्याकाळी. आत्ता नाही. ऐकलंस का?"

"ऐकलं, मामा!"

मग त्याने कपभर कॉफी केली. त्याला कॉफी आवडत नाही. तोंड वाकडं करत अर्धी प्यायला, उरलेली माझ्यात ओतली, झाकण ठेवलं, बटण मंदवर फिरवलं. ट्रकचा हॉर्न वाजला. त्याचा हात झाकणाच्या मुठीवर आला, तसाच राहिला. मग त्याने हात काढून घेतला, पिशवी उचलली आणि झाकण न उघडता गेला.